लाकूड वाकविणारा सुतार

खुर्ची ही आपल्या इतक्या परिचयाची वस्तू आहे की, तिच्याकडे निरखून पाहण्याचे आपण केव्हाच सोडून दिले आहे. शाळेत, कचेरीत, न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात ती असतेच. तिच्यावर बसावे, काम झाले की उठावे आणि तिला विसरून जावे, एवढाच आपला तिच्याशी संबंध. तिची पाठ वाकडी का, तिचे पाय कशाने जोडलेले आहेत, ती इतकी हलकी असूनही मोडत कशी नाही, असले प्रश्न आपल्या मनात येत नाहीत. परंतु या एका साध्या वस्तूपायी आपले घरदार, आपला पैसा आणि आयुष्याची चाळीस वर्षे पणाला लावणारा एक सुतार युरोपात होऊन गेला. त्याचे नाव मिखाएल टोनेट.

आजच्या जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी बोपार्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, मधून संथ वाहणारी विशाल नदी, असा तो रम्य प्रदेश. त्या गावी २ जुलै १७९६ रोजी मिखाएलचा जन्म झाला. त्याचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. मिखाएलच्या बालपणी बोपार्ड फ्रेंचांच्या ताब्यात होते. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर, १८१५ मध्ये, ते प्रशियाच्या राज्याला जोडण्यात आले. राजे बदलले, निशाणे बदलली, पण गावातील कारागिरांचे जीवन पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. मुलाने वडिलांचा धंदा उचलला नाही. त्याने रंधा आणि पटाशी हाती घेतली, सुतारकाम शिकून घेतले आणि १८१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, स्वतःचा कारखाना थाटला. कारखाना म्हणजे काय, तर चारदोन ठोकळे, काही हत्यारे आणि भुशाने भरलेली एक खोली. पुढल्याच वर्षी त्याचे लग्न झाले. यथाकाल संसार वाढला. त्याच्या मुलांपैकी फ्रान्झ, मिखाएल, ऑगस्ट, योसेफ आणि याकोब हे पाच मुलगे पुढे त्याच्याच धंद्यात त्याचे सहकारी झाले.

टोनेट हा चांगला कारागीर होता. गावात त्याच्या कामाला मान होता. तो तसाच पलंग, कपाटे आणि खुर्च्या करीत राहिला असता तर सुखाने जगला असता आणि आज त्याचे नाव कोणाला ठाऊकही नसते. पण एका गोष्टीने त्याच्या मनाला स्वस्थता लाभू दिली नाही. त्या काळी खुर्च्यांना बाकदार पाठी आणि वळणदार पाय असण्याची आवड लोकांत फार होती. आता लाकूड तर सरळ असते. त्यातून बाक कसा काढायचा? सुतार एक जाड फळी घेई, तिच्यावर हवा तो वळणदार आकार आखी आणि करवतीने तो कापून काढी. उरलेले लाकूड वाया जाई. बरे, एवढे करून मिळालेला तुकडा तरी बळकट असावा, तर तेही नाही. लाकडाचे तंतू झाडाच्या लांबीच्या दिशेने धावत असतात. करवत जेव्हा वळण घेते, तेव्हा ती ते तंतू मध्येच तोडते. जेथे तंतू तुटले तेथे लाकूड दुबळे झाले. ते मोडू नये म्हणून पुन्हा तो तुकडा जाड ठेवावा लागे. म्हणजे खुर्ची जड झाली, महाग झाली आणि इतके करून वळणाशी मोडण्याचे भय राहिलेच.

लाकूड कापण्याऐवजी वाकविता आले तर? हा प्रश्न टोनेटला पडला. लाकूड वाकविणे ही काही अगदीच अपूर्व गोष्ट नव्हती. नावा बांधणारे आणि लाकडी पिपे करणारे कारागीर पूर्वीपासून उष्णतेने व पाण्याने फळ्या नरम करून वाकवीत आले होते. पण नावेचा बाक मोठा आणि सैल असतो. खुर्चीची पाठ म्हणजे हातभर जागेत घेतलेले वळण. तेथे फळी मुकाट्याने वाकत नाही, कडकन मोडते.

१८३० नंतरच्या काही वर्षांत टोनेटने आपले प्रयोग सुरू केले. त्याने लाकडाच्या अगदी पातळ पट्ट्या काढल्या. तंतू तुटू नयेत म्हणून त्या तंतूंच्या दिशेनेच काढल्या. मग अशा कित्येक पट्ट्यांची जुडी करून ती उकळत्या सरसात शिजविली. जुडी नरम झाली की ती लाकडी साच्यात दाबून बसवायची आणि वाळू द्यायची. वाळल्यावर सरस घट्ट होई, सगळ्या पट्ट्या एकजीव होत आणि साच्याचे वळण कायम राही. करवतीने कापलेल्या तुकड्यापेक्षा असा तुकडा बारीक, हलका आणि तरीही चिवट होता. १८३६ च्या सुमारास या रीतीने केलेल्या त्याच्या खुर्च्या बाहेर पडल्या. त्या उचलून पाहणाऱ्याला नवल वाटे. सरस तर आता फार लागणार, म्हणून १८३७ मध्ये त्याने सरस तयार करणारी एक गिरणीच विकत घेतली!

येथपर्यंतची कथा सरळ आहे. यापुढे तिला वळणे लागतात.

नवी युक्ती सापडली, तर ती आपल्या नावे सरकारदरबारी नोंदवून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या कोणास ती काही वर्षे वापरता येत नाही. यास पेटंट म्हणतात. टोनेटने प्रशियाच्या सरकारकडे अर्ज केला. त्याच्या पदरी निराशा आली. परदेशांतही त्याने खटपट केली. त्या खटपटीला पैसा लागला, तो त्याने कर्जाऊ काढला, आणि कर्ज वाढत गेले. ज्याच्यापाशी विद्या आहे पण पैसा नाही, अशा माणसाला जगात काय काय सोसावे लागते हे पाहावयाचे असेल, तर टोनेटची ही वर्षे पाहावीत.

१८४१ मध्ये बोपार्डच्या जवळच असलेल्या कोब्लेंझ शहरी एक प्रदर्शन भरले होते. तेथे टोनेटने आपल्या खुर्च्या मांडल्या. योगायोग असा की, ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा मुख्य प्रधान मेटर्निख याने त्या पाहिल्या. मेटर्निखचा जन्म कोब्लेंझचाच. हा मोठा धूर्त आणि सत्ताधारी पुरुष. लोकांच्या स्वातंत्र्याच्या चळवळी दडपून टाकण्यात त्याचा हात युरोपात कोणी धरीत नसे, आणि इतिहासाने त्याचे फारसे कौतुक केलेले नाही. पण खुर्ची पाहण्याची दृष्टी त्याच्यापाशी होती एवढे मान्य केले पाहिजे. बोपार्डमध्ये राहिलास तर गरीबच राहशील, व्हिएन्नास चल, असा सल्ला त्याने टोनेटला दिला.

१८४२ मध्ये टोनेट आपले नमुने घेऊन व्हिएन्नास गेला. मेटर्निखच्या शिफारशीने दरबारात त्याचे काम पाहिले गेले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात लाकूड हव्या त्या आकारात वाकविण्याच्या कलेची सनद त्याला मिळाली. जे स्वदेशी मिळाले नाही ते परदेशी मिळाले. पण त्याच सुमारास तिकडे बोपार्डला सावकारांचा धीर सुटला. कर्ज बुडवून हा सुतार पळाला असे त्यांना वाटले. त्यांनी त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणली. ज्या हत्यारांनी पंचवीस वर्षे काम केले ती गेली, ज्या गिरणीत सरस शिजला ती गेली. कल्पना करा: वयाला सेहेचाळीस वर्षे झालेली, मुले अजून लहान, गावात परतावयास घर नाही, आणि जवळ फक्त एक कागद. टोनेट डगमगला नाही. त्याने बायकामुलांना व्हिएन्नास बोलावून घेतले आणि त्या अनोळखी राजधानीत दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी पत्करली.

काही वर्षे त्याने व मुलांनी कार्ल लाइस्टलर नावाच्या एका मोठ्या कारखानदाराकडे काम केले. लिख्टेनश्टाइन राजघराण्याच्या व्हिएन्नातील प्रासादाची सजावट त्या वेळी चालू होती. तेथील लाकडी जमिनीवर वळणावळणांची जी नक्षी आहे, ती घडविण्यात टोनेट पितापुत्रांचा हात होता. त्याच प्रासादासाठी त्याने अत्यंत नाजूक खुर्च्याही केल्या. त्या उचलायला करंगळी पुरेल इतक्या सडपातळ दिसत. पण राजवाड्यातल्या खुर्च्या कितीशा लागणार? आणि त्यांवर कोण बसणार? टोनेटचे मन दुसरीकडेच धावत होते.

१८४८ मध्ये व्हिएन्नात क्रांती झाली. मेटर्निखला राजधानी सोडून पळून जावे लागले. आश्रयदाता गेला. तरीही पुढल्या वर्षी टोनेटने धाडस करून, मुलांना हाताशी घेऊन, पुन्हा स्वतःचा कारखाना काढला. सरदार आणि राजे यांच्या प्रासादांऐवजी त्याची नजर आता कॉफीगृहांकडे वळली. व्हिएन्नातील माणसे कॉफीगृहात तासन् तास बसतात, वर्तमानपत्रे वाचतात, वाद घालतात, बुद्धिबळे खेळतात. तेथे खुर्ची कशी हवी? ती हलकी हवी, कारण ती दिवसातून दहादा इकडची तिकडे ओढली जाते. ती बळकट हवी, कारण तिच्यावर कोण कसा बसेल याचा नेम नाही. आणि ती स्वस्त हवी, कारण मालकाला शेकड्यांनी घ्यावयाच्या असतात. डाउम नावाच्या कॉफीगृहासाठी टोनेटने अशा खुर्च्या करून दिल्या. पाठोपाठ बुडापेस्ट शहराच्या पेस्ट भागातील एका हॉटेलाने चारशे खुर्च्यांची मागणी केली. १८५१ मध्ये लंडनला जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात टोनेटच्या शिसवी लाकडाच्या सामानाला पदक मिळाले. १८५३ मध्ये त्याने कारखाना पाचही मुलांच्या नावे करून दिला आणि टोनेट बंधू हे नाव दारावर लागले. अर्थात कामातून तो स्वतः मुळीच निवृत्त झाला नाही.

सुख पदरात पडते न पडते तोच एक नवे संकट उभे राहिले. खुर्च्या आता जहाजाने दूरदेशी जाऊ लागल्या होत्या. दक्षिण अमेरिकेसारख्या उष्ण व दमट प्रदेशांत त्या पोहोचल्या की एक विपरीत प्रकार होई. समुद्रावरची दमट हवा आणि तिकडची उष्णता यांनी सरस नरम पडे. पट्ट्या एकमेकींपासून सुटू लागत. जी खुर्ची व्हिएन्नात वर्षानुवर्षे टिके, ती तेथे पुस्तकाच्या पानांसारखी उलगडे.

हा घाव वर्मी होता. टोनेटची सारी विद्या, त्याची सनद, त्याची वीस वर्षांची मेहनत त्या सरसावर उभी होती. दुसरा कोणी असता तर त्याने उष्ण देशांचा नाद सोडला असता, किंवा अधिक चांगला सरस शोधीत बसला असता. टोनेटने आपल्याच शोधाला हात घातला. पट्ट्याही नकोत आणि सरसही नको. सबंध, भरीव लाकडाचा दांडाच वाकविता आला पाहिजे, असे त्याने ठरविले. म्हणजे ज्या अडचणीपासून त्याने वीस वर्षांपूर्वी सुरुवात केली होती, तिच्याशीच तो पुन्हा भिडला.

त्याची युक्ती समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. एक ओली, बोटभर जाडीची फांदी घ्या आणि हळूहळू वाकवा. नीट पाहा. फांदीच्या आतल्या बाजूस साल आक्रसते, तिला सुरकुत्या पडतात. पण ती बाजू तुटत नाही. बाहेरच्या बाजूस मात्र साल ताणली जाते आणि तेथेच पहिली चीर पडते. लाकडाचा स्वभावच असा आहे. ते वाफेने नरम केले की दाबले गेलेले पुष्कळ सोसते. ताण मात्र फारसा सोसत नाही. टोनेटने हे ओळखले. त्याने दांड्याच्या बाहेरच्या बाजूला धातूची एक पातळ पट्टी लावली आणि ती दांड्याच्या दोन्ही टोकांशी पक्की जखडली. धातूची पट्टी वाकते, पण लांबत नाही. ती लांबत नाही म्हणून तिला चिकटून असलेली लाकडाची बाहेरची बाजूही लांबू शकत नाही. दांडा वाकविला की सगळे लाकूड आतल्या बाजूस दाबले जाते आणि ते दाबणे तर लाकडाला मानवते. चीर पडावयास जागाच उरत नाही.

इतकी साधी गोष्ट! पट्टीचा एक तुकडा आणि दोन पकडी. पण ती साधी गोष्ट डोळ्यांपुढे यावयाला त्याला आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे लाकडाशी झगडण्यात घालवावी लागली. १८५६ मध्ये भरीव लाकूड वाकविण्याची सनद टोनेट बंधूंना मिळाली. तेव्हा मिखाएलला साठ वर्षे पूर्ण होत होती. साठी बुद्धी नाठी अशी आपल्याकडे एक म्हण आहे. साठी ओलांडलेल्या प्रस्तुत लेखकास ती कधीच पटली नाही. टोनेटकडे पाहून तर मुळीच पटत नाही. त्याची सर्वांत मोठी कामगिरी या वयानंतरची आहे.

या कामासाठी त्याने बीच नावाच्या झाडाचे लाकूड निवडले. ते दाट, सरळ तंतूंचे आणि वाफेने चांगले नरम होणारे असते. मोराव्हिया प्रांतात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, बीचची विस्तीर्ण अरण्ये होती. लाकूड शहरात आणण्यापेक्षा कारखानाच अरण्यापाशी न्यावा, असा विचार करून कोरिचान येथे टोनेटने कारखाना उभारला. तेथील कित्येक यंत्रे त्याने स्वतः योजली. तेथे काम कसे चाले पाहा. ओंडक्याच्या लांब चौकोनी पट्ट्या कापीत. त्या लेथवर गोल कातून दांडे करीत. दांडे बंद पेटीत ठेवून त्यांना काही तास वाफ देत. वाफेतून दांडा बाहेर निघाला की क्षणाचाही विलंब चालत नसे, कारण तो निवू लागताच पुन्हा ताठ होतो. दोन धट्टेकट्टे कामगार त्याची दोन टोके धरीत, धातूची पट्टी चढवीत आणि लोखंडी साच्याभोवती त्याला वळवीत. घटकेपूर्वी जो सोटा होता त्याचे मिनिटभरात कडे होई. मग साच्यासकट तो उष्ण खोलीत वाळविण्यास ठेवीत. वाळल्यावर साचा काढला तरी वळण जात नसे.

पूर्वी एक खुर्ची एकच सुतार आरंभापासून शेवटपर्यंत घडवी. आता प्रत्येक कामगाराकडे एकेक काम आले. कोणी कापी, कोणी वाकवी, कोणी घासून गुळगुळीत करी. त्यामुळे ज्यांनी उभ्या जन्मात पटाशी धरली नव्हती असे आसपासचे खेडूतही थोड्याच दिवसांत कामात तयार झाले. बैठकी वेताने विणण्याचे काम खेड्यापाड्यांतील स्त्रिया करीत, आणि त्यांच्या जोडीला तुमच्या वयाची मुलेही असत. खुर्ची स्वस्त झाली याचे श्रेय आपण टोनेटच्या बुद्धीला देतो, ते योग्यच आहे. पण त्या स्वस्ताईत या मोलमजुरी करणाऱ्या हातांचाही वाटा होता, आणि त्यांना मिळणारा मोबदला फार थोडा होता, हेही सांगितलेच पाहिजे.

१८५९ मध्ये या कारखान्यातून एक खुर्ची बाहेर पडली. तिला नाव नव्हते, केवळ क्रमांक होता : चौदा. पुढील काही वर्षे तिच्यात एकेक सुधारणा होत गेली आणि अखेर तिचे सारे रूप लाकडाच्या सहा तुकड्यांत मावले. पुरुषभर उंचीहून लांब असा एकच दांडा वाकवून मागचे दोन पाय आणि पाठीची कमान तयार झाली. त्या कमानीच्या आत दुसरी लहान कमान. बैठकीसाठी एक गोल कडे. पुढचे दोन पाय. आणि चारही पायांना आतून आधार देणारे आणखी एक कडे. हे सहा तुकडे जोडावयास दहा स्क्रू आणि दोन नट पुरत. खाचा पाडणे नाही, सरसाने चिकटविणे नाही. बैठक वेताची, म्हणजे हवा खेळती आणि वजन कमी.

नक्षी, कोरीव फुले, सिंहाचे पंजे, गादी, झालर यांतले त्या खुर्चीवर काहीही नाही. जेवढे लाकूड बसणाऱ्याला तोलून धरावयास लागते तेवढेच तिच्यात आहे. आणि तरीही ती देखणी आहे! एखाद्या लहान मुलाने पाटीवर हात न उचलता रेघ ओढावी आणि तिचीच खुर्ची व्हावी, तशी ती दिसते.

जोडणी स्क्रूंची असल्यामुळे ही खुर्ची सुटी करून पाठविता येई. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा एका खोक्यात छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग बसत. जुळविलेल्या खुर्च्या ठेवल्या तर तेवढ्या जागेत चारपाच बसतानाही मारामार. हे खोके आगगाडीने आणि जहाजाने कोठेही जाई आणि पोहोचलेल्या गावी कोणीही एक पेचकस घेऊन खुर्च्या उभ्या करी. पाय मोडला तर सबंध खुर्ची टाकावयास नको; नवा पाय आणून लावता येई. चित्रे आणि क्रमांक असलेले पत्रक टोनेट बंधू देशोदेशी पाठवीत. भाषा येवो न येवो, चित्रावर बोट ठेवावे आणि क्रमांक लिहून कळवावे, की काम झाले.

मागणी इतकी वाढली की एक कारखाना पुरेना. १८६१ मध्ये मोराव्हियातच बिस्त्रित्से येथे दुसरा कारखाना निघाला आणि पुढे आणखीही निघाले. हात असे मोकळे झाल्यावर टोनेट पितापुत्रांना लाकडाशी खेळ करण्याची लहर येऊ लागली. १८६० मध्ये त्यांनी झुलती खुर्ची केली. तिच्यात पाय, हात आणि खालचे झोके अशा काही वळशांनी एकमेकांत मिसळले आहेत की एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले ते शोधीत बसावे. आरंभी ती फारशी खपली नाही. डुलत बसणे प्रतिष्ठित माणसाला शोभेल काय, याची लोकांना शंका असावी. मागाहून मात्र ती घरोघरी गेली. लहान मुलांसाठी बुटक्या खुर्च्या झाल्या, इतकेच काय, बाहुल्यांसाठीही खुर्च्या आणि मेजे झाली. एकदा तर आपली कला जगाला दाखविण्यासाठी त्यांनी लाकडाच्या दांड्याला दोरीसारख्या गाठी मारून खुर्ची बनविली. ती बसण्यासाठी मुळी नव्हतीच. आपण लाकडाला काय करावयास लावू शकतो, हे पाहणाऱ्याने पाहावे आणि तोंडात बोट घालावे, यासाठी ती होती. ज्या लाकडापायी एकेकाळी घरावर जप्ती आली, त्याच लाकडाला गाठ मारताना म्हाताऱ्या टोनेटच्या मनात काय आले असेल? १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात टोनेट बंधूंना सुवर्णपदक मिळाले.

१८६९ मध्ये सनदेची मुदत संपली. त्यासरशी इतर कारखानदार पुढे सरसावले. याकोब आणि योसेफ कोन हे त्यांतले प्रमुख. तीच युक्ती, तेच लाकूड, तीच वळणे. टोनेट बंधू आपल्या खुर्च्यांच्या बैठकीच्या आतल्या बाजूस आपले नाव उमटवू लागले. खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय ती कोणाची हे सांगणे कठीण झाले होते. मिखाएल टोनेटने या स्पर्धेचा आरंभच काय तो पाहिला. ३ मार्च १८७१ रोजी व्हिएन्ना येथे, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. पाचही मुलगे पित्याचे काम पुढे चालविण्यास समर्थ होते. १९३० पर्यंत चौदा क्रमांकाच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या जगात गेल्या असे मानले जाते.

त्यांचा प्रवास कोठे कोठे झाला हे पाहणे मोठे मौजेचे आहे. पुढे भारतात चंडीगड नगराची आखणी करणारा विख्यात वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए याने १९२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एक नव्या धर्तीचे घर उभारले. त्यात ठेवावयाला त्याने टोनेटच्या वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्याच निवडल्या. तेव्हा त्या घडणीला साठसत्तर वर्षे होऊन गेली होती. तरी त्या नव्या घरात ती जुनी वाटली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इराणातून आलेल्या पारशी धर्माच्या लोकांनी मुंबई आणि पुणे येथे चहाची दुकाने काढली. कोपऱ्यावरची प्रशस्त जागा, संगमरवरी टेबले, भिंतीवर आरसे, आणि टेबलांभोवती युरोपातून आलेल्या, काळसर लाकडाच्या, कमानदार पाठीच्या खुर्च्या, असे त्या दुकानांचे रूप असे. गिरणीतील कामगार, कचेरीतील कारकून, विद्यार्थी आणि लेखक या साऱ्यांनी त्या खुर्च्यांवर बसून चहा आणि मस्कापाव घेतला. मुंबईचा पावसाळा किती दमट असतो हे सांगावयास नको. चपलांवर बुरशी येते, मीठ पाझरते, दारे फुगून बसतात. सरसाने चिकटविलेल्या पट्ट्यांची खुर्ची अशा हवेत किती पावसाळे टिकली असती? या खुर्च्या मात्र शंभर शंभर वर्षे टिकून राहिल्या. इराण्यांची कित्येक दुकाने आता बंद झाली आहेत. जी राहिली आहेत त्यांतील काहींत त्या अजूनही दिसतात. तेथे गेलात तर खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहा, कमानीत कोठे सांधा लागतो काय.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील हे कारखाने तेथील सरकारने ताब्यात घेतले. टोनेटच्या वंशजांनी जर्मनीत फ्रांकेनबेर्ग येथे काम चालू ठेवले. तेथे ती खुर्ची आजही तयार होते. क्रमांक मात्र चौदाचा आता २१४ झाला आहे. बिस्त्रित्से येथील जुन्या कारखान्यातही, मालकी आणि नाव बदलले असले तरी, बीचचे दांडे अजून वाफेच्या पेट्यांतून बाहेर येतात, आणि कामगार ते गरम असतानाच, हातांनी, साच्याभोवती वळवितात.